पील नदीच्या अलीकडे

आधीच सांगते, आम्ही आर्क्टिक समुद्र बघायला निघालो होतो आणि तो न बघताच परत आलो. घरी आल्यावर ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना हे एवढं सांगितलं की समोरचा "अरेरे" म्हणायचा आणि विषय बदलायचा, म्हणून मग आम्ही सांगणंच बंद केलं. पण ते दिवस काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाहीयेत, आणि त्यात अरेरे म्हणण्यासारखं खरंतर काहीच नव्हतं, ते नीट लिहून काढावं म्हणून बसलेय.

रस्त्याचं नाव डेम्प्स्टर हायवे. कॅनडाच्या युकॉनमध्ये डॉसन सिटी नावाचं गाव आहे, १८९६ मध्ये तिथल्या एका ओढ्यात सोनं सापडलं आणि हजारो माणसं तिकडे धावली तेच हे गाव, त्याच्या साधारण ४० किलोमीटर अलीकडे क्लोंडाइक नदीवर एक पूल आहे. तो ओलांडला की थोड्याच वेळात डांबर संपतं आणि मग इनुविक गावापर्यंत सातशेच्या वर किलोमीटर जवळजवळ नुसती खडी. १९७९ मध्ये हा रस्ता खुला झाला तेव्हा तो इनुविकलाच संपायचा. १५ नोव्हेंबर २०१७ ला पुढचा १३८ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला आणि इनुविकहून टुक्टोयाक्टुकपर्यंत, म्हणजे थेट आर्क्टिक महासागराच्या काठापर्यंत बारा महिने गाडी जायला लागली. ती बातमी वाचली तेव्हापासून माझं ठरलेलं होतं. तिथे पिंगो आहेत. जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि वरची माती उचलून धरतं, त्याच्या टेकड्या होतात, पोटात बर्फ असलेल्या टेकड्या! त्या भागात अशा हजाराच्या वर आहेत आणि त्यातली सगळ्यात मोठी, इब्युक, जवळजवळ ५० मीटर उंच आहे. मला इब्युक बघायची होती आणि समुद्रात पाय बुडवायचे होते.

नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "जाऊया की. चालेल."

या "चालेल"बद्दल थोडं लिहायला हवं. आमच्या घरात हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो. जेवायला काय करू, काहीही चालेल. रविवारी कुठे जायचं, कुठेही चालेल. सोफा कुठला घ्यायचा, तुला आवडेल तो, मला चालेल. एकोणीस वर्षं झाली लग्नाला आणि आम्ही क्वचितच भांडतो, लोक म्हणतात किती समजूतदार जोडपं आहे. मलाही तसंच वाटायचं. पण चालेल म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, म्हणजे निर्णय तू घे आणि चुकला तर तोही तुझाच, हे मला त्या रस्त्यावर कळलं, कारण त्या रस्त्यावर हा शब्द वापरताच येत नाही.

पहिलं पेट्रोल ३६९ किलोमीटरवर, ईगल प्लेन्सला. मधे काहीही नाही. घर नाही, दुकान नाही, फोनला नेटवर्क नाही. त्यामुळे डॉसनमधून निघतानाच दोन स्टेपन्या, २० लिटरचा भरलेला जेरीकॅन, टायरमध्ये हवा भरायचा पंप, सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं छोटं यंत्र, दहा दिवसांचं खाणं, अस्वलाला पळवून लावायचा बेअर स्प्रे आणि एक वही. वही माझी कल्पना. किती किलोमीटरवर किती पेट्रोल राहिलं ते लिहायला. पहिल्याच दिवशी मी विचारलं, काटा अर्ध्याच्या थोडा खाली आहे, चालेल ना? आणि तो सवयीने "चालेल" म्हणाला, मग दोघंही गप्प झालो आणि त्याने गाडी बाजूला घेऊन खरोखर आकडेमोड केली. नव्हतं चालणार. म्हणजे पोचलो असतो, पण चढावर आणि चिखलात गाडी किती पिते ते धरलं तर अगदी काठावर. जेरीकॅनमधलं निम्मं तिथेच ओतलं. साधी गोष्ट आहे, पण मला आठवेना की याआधी आम्ही एखाद्या प्रश्नाचं उत्तर असं दोघांनी मिळून कधी काढलं होतं.

पहिली रात्र टूमस्टोन पार्कमध्ये. टूमस्टोनबद्दल लिहायला लागले तर लेख तिथेच संपेल. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता आणि तिकडे तोच शरद. झाडं नाहीतच वर, गुडघ्याएवढं खुरटं बर्च आणि विलो, पण ते सगळं पेटलेलं. बर्च लाल, विलो पिवळं, मधे लायकनचे, म्हणजे दगडफुलाचे, पांढुरके पट्टे आणि ब्लूबेरीची जांभळी पानं, आणि या सगळ्याच्या मागे काळे, सुळ्यासारखे उभे कडे. कॅम्पग्राउंडवर पैसे पाकिटात घालून पेटीत टाकायचे, जळणाची लाकडं तिथे रचून ठेवलेली असतात, हवी तेवढी घ्यायची. खाण्याचं सगळं, अगदी टूथपेस्टसुद्धा, रात्री लोखंडी कपाटात बंद करायचं, तंबूत काहीही ठेवायचं नाही कारण अस्वलं. ग्रिझली आणि काळं, दोन्ही आहेत. मला पहिल्या रात्री झोप लागली नाही. अस्वलाच्या भीतीने नाही. शांततेने. कानात स्वतःच्या रक्ताचा आवाज येत होता.

या रस्त्याची एक गोष्ट मला फार आवडली ती म्हणजे तो जमिनीत खणलेला नाही, जमिनीवर ठेवलेला आहे. खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे हजारो वर्षं गोठलेली माती. वरचं शेवाळ खरवडून डांबर टाकलं तर ऊन आत शिरणार, बर्फ वितळणार आणि रस्ता खचणार. म्हणून खडीचा जाड थर, काही ठिकाणी दोन मीटरच्याही वर, गोधडीसारखा अंथरलाय, खालची थंडी खालीच राहावी म्हणून. त्यामुळे गाडी चालवताना दोन्ही बाजूंना उतार असतो आणि आपण बांधावरून चाललोय असं वाटत राहतं. तरीही काही ठिकाणी जमीन हललेली दिसतेच. स्प्रूसची झाडं वेडीवाकडी, एकमेकांवर रेललेली, पायाखालची माती वितळली की झाडांचा तोल जातो.

टूमस्टोन मागे पडलं की ओगिल्वीचे डोंगर लागतात आणि ते अगदीच वेगळे. करडे, खडीच्या ढिगासारखे, माथ्यावर मोडक्या बुरुजासारखे सुळके. उत्तर अमेरिकेचा बराच भाग हिमयुगात बर्फाच्या थराखाली गेला होता, पण हा भाग कोरडा राहिला होता. हिमनदीने घासलेलं नाही म्हणून दऱ्या अजून नद्यांनी कापलेल्या, व्हीच्या आकाराच्या. खालून इंजिनियर क्रीक वाहते, तिचं पात्र लोहामुळे गंजासारखं तांबडं आणि वाऱ्याबरोबर गंधकाचा वास. दुसरी रात्र तिथे. त्या रात्री हा अचानक बोलायला लागला, त्याच्या ऑफिसबद्दल, वडिलांच्या शेवटच्या महिन्यांबद्दल, असं बरंच. ते सगळं इथे नाही लिहीत. एवढंच की मी मधे "हं" सुद्धा न म्हणता ऐकलं आणि शेकोटीत लाकूड घालायलाही उठले नाही.

तिसऱ्या दिवशी टायर गेलं. ईगल प्लेन्सच्या अलीकडे रस्त्यात शेल नावाच्या दगडाचे तुकडे असतात, पातळ, धारदार, सुरीसारखे. पाऊस सुरू झाला होता. तिथल्या खडीवर कॅल्शियम क्लोराईड मारतात, कोरडं असताना धूळ दबते पण ओलं झालं की त्याचा असा चिखल होतो की गाडीचा नंबरसुद्धा दिसत नाही. टायर मधे नाही, बाजूला फाटलं होतं, म्हणजे पंक्चर काढण्यासारखं नव्हतं. मी जॅक लावला, हा नट सोडवत होता आणि दोघांचेही हात गारठून बधिर. समोरून येणारा एक ट्रक थांबला. त्या रस्त्यावर सगळेच थांबतात, काच खाली करून विचारतात आणि तुम्ही ठीक आहात म्हटलं तरी क्षणभर तुमच्याकडे नीट बघून खात्री करून घेतात. ड्रायव्हर खाली उतरला, आमची दुसरी स्टेपनी हाताने दाबून पाहिली, म्हणाला हिची कड जुनी झालीये, हिच्यावर फार भरवसा ठेवू नका. मग म्हणाला, पीलला पाणी चढतंय. मी दोन दिवस पलीकडे अडकलो होतो, जेमतेम निघालो.

खरं सांगायचं तर ती स्टेपनी घरून निघताना मीच बघितली होती. बघून "चालेल" म्हणाले होते.

ईगल प्लेन्स म्हणजे एका लांबलचक कड्यावर एक हॉटेल, पंप, टायरचं गॅरेज. संपलं. आत काउंटरजवळ लिहिलेलं होतं, पील नदीची फेरी बंद, पाणी जास्त. रस्त्यावर दोन नद्या अशा लागतात ज्यांना पूल नाही, आधी पील आणि मग मॅकेन्झी. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून रस्ता, आणि मधले काही आठवडे दोन्ही नाही.

त्या हॉटेलच्या भिंतींवर जुने फोटो आहेत आणि त्यात हरवलेल्या गस्तीची गोष्ट आहे. हिवाळ्यात घोडदळ पोलिसांची तुकडी कुत्र्यांच्या गाड्या घेऊन डॉसन आणि फोर्ट मॅकफर्सन यांच्यामधे टपाल न्यायची. डिसेंबर १९१० मध्ये इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तिघांना घेऊन मॅकफर्सनहून निघाला. वेगात जायचं म्हणून शिधा कमी घेतला. वाटेत एसाव जॉर्ज नावाचा, तिथल्या मूळ ग्विचिन लोकांपैकी एक माणूस भेटला, त्याने काही दिवस वाट दाखवली, मग त्याला पैसे देऊन परत पाठवलं, कारण त्यांच्यातल्या कार्टरला रस्ता माहीत होता. कार्टर त्या वाटेने एकदाच गेला होता, चार वर्षांपूर्वी, तेही उलट दिशेने. ज्या ओढ्याने वळायचं तो ओढा सापडला नाही. आठवडाभर शोधत राहिले. फिट्झजेराल्डने डायरीत लिहिलंय की कार्टरच्या शब्दावर विश्वास ठेवायला नको होता. मग मागे फिरले, पण तोवर उशीर झाला होता, एकेक करून कुत्री मारून खाल्ली. मार्च १९११ मध्ये डॉसनहून कॉर्पोरल डेम्प्स्टर शोधायला गेला, त्याला चौघांचे देह सापडले. फिट्झजेराल्ड आणि कार्टर तर मॅकफर्सनपासून फक्त ४० किलोमीटरवर. फिट्झजेराल्डच्या खिशात मृत्युपत्र होतं, जळक्या काडीने लिहिलेलं, जे काही आहे ते आईला. रस्त्याला नाव त्या डेम्प्स्टरचं. चौघांच्या कबरी फोर्ट मॅकफर्सनला आहेत, पीलच्या पलीकडे थोड्याच अंतरावर, आणि त्या बघायच्या हे आमच्या यादीत होतं.

हा त्या फोटोसमोर खूप वेळ उभा होता. मी चहा घेऊन आले तर म्हणाला, "त्याला कोणीच विचारलं नसेल का गं, की तुला नक्की माहितीये का?"

तरीही पुढे गेलो. पाणी उतरेल, दोन दिवसांत फेरी सुरू होईल, सगळेच तसं म्हणत होते. ४०५ किलोमीटरवर आर्क्टिक सर्कल, फलकापाशी फोटो काढला, वारा इतका की दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागलं. रात्र रॉक रिव्हरला, स्प्रूसच्या आडोशाला, रात्रभर पाऊस. सकाळी राइट पास नावाचा घाट. इथे युकॉन संपतं आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज सुरू होतं, घड्याळ एक तास पुढे, किलोमीटरचे आकडे पुन्हा शून्यापासून. पाणीसुद्धा इथेच वाटलं जातं, अलीकडचं युकॉन नदीतून बेरिंग समुद्राला आणि पलीकडचं पील आणि मॅकेन्झीतून आर्क्टिकला.

धुकं इतकं होतं की रस्त्याची कड दिसत नव्हती. हा गाडी हळूहळू नेत होता आणि एकदम थांबला. समोर कॅरिबू. सात-आठ होते, दोन पिल्लं धरून. पॉर्क्युपाइन कळप म्हणतात याला, २०१७ च्या मोजणीत दोन लाख अठरा हजार होता, उत्तरेला समुद्राजवळच्या मैदानात पिल्लं घालतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर या डोंगरांत उतरतो. ग्विचिन लोकांचं सगळं जगणंच या कळपाशी बांधलेलं. आम्हाला दिसले ते त्यातले सात-आठ. ते रस्ता ओलांडून गेले नाहीत, रस्त्यावरूनच आमच्यापुढे चालत राहिले, मधूनच मागे वळून बघायचे. चालताना त्यांच्या पायातून टक् टक् असा आवाज येतो, स्नायूबंध हाडावर घसरतात त्याचा. आम्ही काच खाली करून इंजिन बंद केलं आणि तो आवाज धुक्यात विरेपर्यंत ऐकत बसलो. किती वेळ गेला माहीत नाही. माझा हात याच्या हातात होता हे नंतर लक्षात आलं.

पीलचं पाणी कॉफीच्या रंगाचं होतं आणि त्यातून झाडं वाहत होती. फांद्या नव्हेत, मुळांसकट अख्खी झाडं. फेरी पलीकडच्या काठाला बांधलेली. ती केबलवर चालते, तिच्यावर एक असं झाड आदळलं तर काय होईल ते सांगायला नको. आमच्या आधी तीन ट्रक आणि एक कॅम्पर रांगेत होते. कोणीतरी पाण्याच्या कडेला काठी रोवून तिला लाल फडकं बांधलं होतं, पाणी कमी-जास्त होतंय ते कळायला. रात्री गाडीतच झोपलो. यंत्रावर हवामान मागवलं तर घाटात बर्फ सांगत होतं.

सकाळी आधी काठी बघायला गेले. फडकं पाण्याखाली होतं.

परत आले तर हा स्टीअरिंगवर हात ठेवून बसला होता. म्हणाला, "मला परत जायचंय."

मी थांबले, कारण मला वाटलं पुढे "पण तू म्हणशील तसं" येणार. नाही आलं. मग त्याने सगळं सांगितलं, एक स्टेपनी उरलीये आणि तिच्यावर भरवसा नाही, मागच्या घाटात बर्फ पडला तर आपण दोन्हीकडून अडकू, पीलनंतर मॅकेन्झी आहे आणि तिथलं आपल्याला काहीच माहीत नाही. आणि मग म्हणाला, "आणि मला भीती वाटतेय. मला समुद्र नकोय आत्ता."

मला राग आला. दोन वर्षं मी हे बघत होते, नकाशे, वेळापत्रकं, सगळं. मी दार आपटून नदीकडे गेले आणि पावसात उभी राहिले. रडले थोडी. राग समुद्राचा होताच, पण त्याहून जास्त याचा होता की हा नाही म्हणाला. एकोणीस वर्षांत मला नाही ऐकायची सवयच उरली नव्हती. आणि तिथे उभं राहून मी प्रामाणिकपणे विचार केला की याने नेहमीसारखं चालेल म्हटलं असतं तर मी थांबले असते. दोन दिवस, तीन दिवस, फडकं बघत. खाणं होतं. मी थांबलेच असते आणि तोही काही न बोलता थांबला असता, पोटात भीती घेऊन. असं याआधी किती वेळा झालं असेल? नोकरीसाठी घर बदललं तेव्हा? दुसरं मूल नको ठरवलं तेव्हा? मी विचारलं होतं, तो चालेल म्हणाला होता आणि मी त्याला हो समजले होते.

गाडीत आले, ओलं जॅकेट काढलं आणि विचारलं. एकेक करून. घराचंही विचारलं, मुलाचंही. त्याने उत्तरं दिली. एका प्रश्नाचं उत्तर मला वाटत होतं त्याच्या उलट निघालं. ते आमच्या दोघांतच राहू दे. रांगेतल्या ट्रकवाल्याने मधेच काचेवर टकटक करून गरम सूप दिलं, काही न विचारता, आणि निघून गेला.

दुपारी गाडी वळवली. घाटात बर्फ खरंच पडत होतं, ओला, मोठाल्या पाकळ्यांचा, पण रस्ता दिसत होता. मी चालवली. ईगल प्लेन्सच्या पुढे ओगिल्वी रिजवर ढग फाटले आणि चार दिवसांपूर्वी लाल दिसलेल्या दऱ्या आता तपकिरी झाल्या होत्या. तिकडचा शरद इतकाच, एखाद-दोन आठवड्यांचा. टूमस्टोनला पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला आमच्याच श्वासाचा बर्फ जमला होता, हात लावला की तोंडावर भुरभुर पडायचा. याने जेवायला काय करू विचारल्यावर सांगितलं, खिचडी, पातळ, भरपूर मिरी घालून. मग म्हणाला, "आणि तू ती जास्त शिजवतेस, मला नाही आवडत तशी." मी कमी शिजवली.

डॉसनमध्ये नदीजवळच्या माहिती केंद्रात गेलो, तिथे फेऱ्यांची स्थिती लावलेली असते. पीलसमोर लिहिलं होतं, सुरू. त्याच दिवशी सकाळपासून. आम्ही दोघं ती ओळ वाचत उभे राहिलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, अजून सुट्टी शिल्लक आहे का तुमची?

मी याच्याकडे बघितलं. याने "तू..." म्हणून सुरुवात केली, थांबला आणि म्हणाला, "नाही, आत्ता नाही. पण मला जूनमध्ये यायचंय. फेरी सुरू झाली की लगेच. रात्र नसेल तेव्हा."

"जूनमध्ये डास फार असतात म्हणे," मी म्हटलं.

"असू देत."

गाडीत बसल्यावर मी पेट्रोलची वही काढली, मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं, जून, इब्युक, दोन नवीन स्टेपन्या. त्याने पेन माझ्या हातातून घेतलं आणि खाली त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं, डोक्यावरच्या जाळ्या, २.